बी.पी.टी. की बी.पी.एड.?

कर्नाटकातल्या खानापूरची भाची बारावीला आहे. कबड्डी खेळते. "मामा, मला खेळाडूंसोबतच काम करायचंय, पण नेमकं शिकू काय?" असं तिनं विचारलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. अमेरिकेत ज्याला ॲथलेटिक ट्रेनर म्हणतात, तो व्यायाम करून घेणारा प्रशिक्षक नव्हे. दुखापत टाळणं, मैदानावर पहिला उपचार आणि खेळाडूला परत उभं करणं हे त्याचं काम. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळ जाते ती फिजिओथेरपीची पदवी, म्हणजे बी.पी.टी. दुसरा रस्ता बी.पी.एड.चा, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी.

तालमीत खांदा निखळला की आपल्याकडे चारजण धरून तो ओढतात. मला ते बघवत नाही. जाणकार माणूस आधी मनगटाची नाडी बघतो, बोटांना संवेदना आहे का विचारतो, हात झोळीत बांधतो आणि एक्स-रेला पाठवतो. ही नजर बी.पी.टी.त घडते.

वेळ म्हणाल तर फार फरक नाही. बी.पी.टी.ला चार वर्षं आणि वर इंटर्नशिप, बी.पी.एड.ला आधी पदवी, मग २ वर्षं. खर्च मात्र बी.पी.टी.चा बराच जास्त, खासगी कॉलेजात तर फारच. शिवाय बारावीला जीवशास्त्र हवं आणि शिकवणी इंग्रजीतून. मराठी शाळेतल्या पोरांना पहिलं वर्ष जड जातं, पण शरीररचनेची नावं रोज घोकली की जमतं.

बी.पी.एड.ला मैदानी चाचणी असते. पुढं हायस्कूलात क्रीडाशिक्षक होता येतं. कर्नाटकात सरकारी नोकरी हवी तर कन्नड पक्कं करा.

दुखापतीत रस आणि घरची ऐपत असेल तर बी.पी.टी. पोरं घडवायची, संघ बांधायचा असेल तर बी.पी.एड. भाचीला मी बी.पी.टी.च सांगितलं.