एमजीबी जीटी (१९७१): चौदा महिने, चार हजार मैल

गाडी बघायला गेलो तेव्हा खिशात फ्रिजवरचा गणपती होता. भक्तिभाव वगैरे काही नाही. तो गणपती चुंबकाचा आहे, आणि एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेताना चुंबक लागतं. रुमालात गुंडाळून दाराखालच्या पत्र्यावरून (इकडे त्याला सिल म्हणतात) हळूहळू फिरवला. डावीकडे गणपती टोकापासून टोकापर्यंत चिकटून राहिला. उजवीकडे पुढच्या चाकामागे वीतभर जागेत घसरला आणि चिखलात पडला. म्हणजे तिथे पत्रा नव्हता, नुसती लांबी भरून वर रंग मारलेला. विकणारे गृहस्थ म्हणाले, "आधीच्या मालकाने केलं असेल." आधीचे मालक नेहमी असे उपयोगी पडतात.

तरी घेतली. ८,९०० पौंड मागितले होते, ७,८०० ला सौदा झाला.

मी इंग्लंडात रेडिंगला राहतो. ही गाडी जिथे बनली ते ॲबिंग्डन इथून पंचवीसेक मैलांवर. १९६२ ते १९८० या काळात तिथून पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या, त्यातल्या निम्म्याहून अधिक अमेरिकेला गेल्या. जीटी म्हणजे पक्क्या छताची आणि मागे उघडणाऱ्या दाराची, १९६५ पासूनची. छताचा आकार पिनिनफारिनाचा. साताऱ्याला फोन करून सांगितलं, "एमजी घेतली," तर अख्ख्या घराने हेक्टर समजून अभिनंदन केलं. फोटो पाठवल्यावर काकू म्हणाली, "अरे, ही तर जुनी आहे."

जुनी आहे म्हणूनच परवडते. चाळीस वर्षं उलटलेल्या गाडीला इकडे रोड टॅक्स लागत नाही आणि २०१८ पासून वर्षाची एमओटी तपासणीही सक्तीची नाही. विमा मर्यादित मैलांचा, वर्षाला १६५ पौंड. एमओटीची माफी मात्र मला सवलत कमी आणि सापळा जास्त वाटते. माझ्या गाडीच्या तपासणीच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर फुकट बघायला मिळाल्या. २०१७ पर्यंत दरवर्षी "गंज" हा शब्द होता, त्यानंतर काहीच नाही. गंज थांबला नव्हता, लिहिणारं कोणी उरलं नव्हतं. मी पैसे भरून स्वतःहून तपासणी करून घेतली. तुम्हीही घ्या, आणि तीही सौदा होण्याआधी.

आता त्या डाव्या सिलबद्दल, कारण खरा धडा तिथे मिळाला. उजवी बाजू दुरुस्त करायला वेल्डिंगवाल्याकडे गाडी दिली. त्याने लिफ्टवर चढवली, टॉर्च मारला आणि मला खाली बोलावलं. या गाडीच्या पोटाखाली सिलला जोडून एक कॅसल रेल असते. किल्ल्याच्या तटाला चर्या असतात तशी तिची कड, म्हणून हे नाव. माझ्या गाडीला डावीकडे ती कड दिसतच नव्हती. कोणीतरी सडलेलं सिल न कापता त्यावर नवा पत्रा चढवून वेल्ड मारला होता. चुंबक चिकटणारच, लोखंड होतंच ना! वेल्डिंगवाल्याने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दोन्हीकडे ठोकून दाखवलं. उजवीकडे ठप, डावीकडे डबल पत्र्याचा बसका आवाज. या गाडीला वेगळी चासी नाही. सिल हाच तिचा कणा. तेव्हा चुंबकावर विसंबू नका. खाली झोपा, कड शोधा, आणि गाडी जॅकवर घेऊन दार नीट उघडतं-लागतं का ते बघा.

उजव्या बाजूचे १,९५० पौंड गेले.

इंजिनाचं मात्र कौतुक करावं तितकं थोडं. १७९८ सीसी, दोन एसयू कार्बोरेटर, नवी असताना ९५ अश्वशक्ती. आजच्या कुठल्याही घरगुती हॅचबॅकचा पिकअप हिच्यापेक्षा बरा, हे मान्य. पण चौथ्या गिअरमध्ये ओव्हरड्राइव्हचं (त्याच्याही वरचा जादा गिअर) बटण ओढलं की हिला दम मिळतो. सत्तर मैलांच्या वेगाला तीन हजार आरपीएमच्या जरा वर फिरते आणि बोलता येतं. ओव्हरड्राइव्ह त्या काळी जादा पैसे देऊन मिळायचं, म्हणून घेताना ते आहे का आणि चालतं का, दोन्ही बघा. ॲव्हरेज लिटरला नऊ-दहा किलोमीटर. पेट्रोल ई-फाइव्ह (कमी इथेनॉलचं) घालतो. २०२१ पासून साधं पेट्रोल ई-टेन झालं, त्यातलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात बाबा तीन महिने आले होते. बांधकाम खात्यात ड्रायव्हर होते, अर्धं आयुष्य अँबॅसेडरवर गेलं. बॉनेट उघडलं, गाडी चालू केली, तर ते मान तिरकी करून ऐकत उभे. मग म्हणाले, "हे आपलंच इंजिन आहे." आणि खरंच आहे. अँबॅसेडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन आणि हे, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचे, धाकटं-थोरलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मागून घेतला आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, सेट करायला बसले. "पंधरा थाऊ ठेव. कमी ठेवलंस तर आवाज बंद होईल, पण व्हॉल्व्ह जळेल." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मॅन्युअल उघडून पाहिलं. पंधराच.

मनस्ताप एकदाच झाला. पेट्रोलचा विजेवरचा पंप चालू असताना मागून टिकटिक ऐकू येते. ऑगस्टमध्ये हायवेवर ती थांबली आणि पाठोपाठ गाडीही. पंप उजव्या मागच्या चाकाच्या पुढे, पोटाखाली. पान्याने दोन टोले घातले, टिकटिक सुरू झाली, घरी पोचलो. नवा पंप १३० पौंडांना दोन दिवसांत दारात. हिचा बारीकसारीक सगळा माल असाच मिळतो. इतकंच काय, ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८ पासून अख्खी नवी बॉडी बनवून देतं.

आणि किमतीचं घोडं नेमकं इथेच अडतं. जिचा प्रत्येक नटबोल्ट मिळतो, जिची बॉडीसुद्धा नवी मिळते आणि जी लाखांनी बनली, तिची टंचाई कुठून येणार? सोय हवी आणि भावही चढायला हवा, असं एका गाडीत मिळत नाही. ज्यांनी तरुणपणी हिची स्वप्नं पाहिली ते आज सत्तरीच्या घरात आहेत आणि गाड्या विकायला काढताहेत. चाळिशीतल्यांचं मन प्यूजो २०५ जीटीआय नाहीतर पहिल्या माझदा एमएक्स-५ वर. तरी गुंतवणूक म्हणूनच घ्यायची असेल तर रोव्हरच्या साडेतीन लिटर इंजिनाची व्ही-एट जीटी बघा. १९७३ ते १९७६ मध्ये जेमतेम २,५९१ झाल्या. किंवा अगदी सुरुवातीची, ओढायच्या हँडलची उघडी गाडी. १९७४ च्या शेवटापासून अमेरिकी नियमांमुळे आलेले काळे रबरी बंपर अजूनही भाव खाली ओढतात. माझ्या गाडीला बंपर क्रोमचे आहेत, पण पुढची जाळी ७० ते ७२ मधली, आत बसवलेली काळी. क्रोमवाल्यांमध्ये ती सगळ्यात नावडती. मला आवडते, आणि तिच्यामुळेच गाडी स्वस्तात पडली.

गेडनच्या मोटर म्युझियममधून जन्मदाखला मागवला. इंजिन नंबर जुळला. रंग जुळला नाही. गाडी लाल आहे, दाखल्यावर ब्रॉन्झ यलो. गालिचा उचलला तर कोपऱ्यात खरंच हळदीसारखा पिवळा. कोणी म्हणतं मूळ रंग द्या, किंमत वाढेल. नीट रंगाला चार-पाच हजार पौंड लागतील आणि किंमत तेवढी वाढणार नाही. हिशोब करून बघितलाय.

गोष्टीतली गंमत अशी की ही गाडी लंडनात माझ्या शेजाऱ्याच्या जुन्या डिझेलपेक्षा स्वस्त पडते. २०२३ पासून सगळ्या लंडनला प्रदूषणाचा आकार आहे. त्याला रोज साडेबारा पौंड, हिला माफ, कारण ही ऐतिहासिक. मे महिन्यात लंडनमधल्या साउथॉलला जाऊन हापूसच्या आठ पेट्या मागच्या दारातून भरल्या. घरी येईपर्यंत गाडीत पेट्रोल, जुनं चामडं आणि आंबा असा मिश्र वास. तो आठवडाभर टिकला.

सौदा, वेल्डिंग, चार टायर (जुन्यांवर २००९ चा शिक्का होता), पंप, कार्बोरेटर, विमा, तेलपाणी धरून आजवर १०,७६५ गेले. परवा पार्किंगमध्ये एकाने ८,७५० देऊ केले, रोख. म्हणजे दोन हजारांचा खड्डा. नफा झाला असता तरी इकडे खासगी गाडीवर भांडवली नफ्याचा कर नाही, ती सवलत माझ्या काही कामाची नाही. डाव्या सिलसाठी नोव्हेंबरची तारीख घेतली आहे, रस्त्यांवर बर्फासाठी मीठ पडायच्या आत. त्याआधी बाबांना टॅपेट वाजताना ऐकवायचे आहेत, फोनवरच. त्यांचं म्हणणं, मला अजून पंधरा थाऊ जमत नाही.