डीसीटी गिअरबॉक्स: घाटातले सुख आणि कोंडीतला हिशेब

गेली चार वर्षे मी सात गिअरांची, ड्राय (तेलात न बुडालेला) क्लच असलेली डीसीटी, म्हणजे ड्युअल क्लच ट्रान्समिशन या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, गाडी चालवत आहे. त्याआधी नऊ वर्षे माझ्याकडे पाच गिअरांची मॅन्युअल सेडान होती, आणि थोरल्या बंधूंची टॉर्क कन्व्हर्टरवर (तेलातून ताकद पोचवणाऱ्या ऑटोमॅटिकवर) चालणारी डिझेल गाडी ते परगावी असले की माझ्याच हाती असते. तिन्ही गाड्या पुण्यातल्या त्याच रस्त्यांवर, त्याच घाटांत आणि त्याच संध्याकाळच्या कोंडीत चालवल्या असल्यामुळे त्यांची तुलना मला अनुभवावरून मांडता येते.

शोरूममध्ये ‘ऑटोमॅटिक’ या एकाच शब्दाखाली फार वेगवेगळी यंत्रे विकली जातात. 2024 च्या क्रेटाचेच उदाहरण घ्यावे: टर्बो पेट्रोलला डीसीटी, डिझेलला टॉर्क कन्व्हर्टर आणि साध्या पेट्रोलला आयव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांच्या पायऱ्या नसलेला सीव्हीटी प्रकारचा ऑटोमॅटिक. तिन्हींत दोनच पेडल असल्यामुळे ग्राहकाला त्या सारख्याच वाटतात. परंतु डीसीटी ही मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सची सख्खी बहीण आहे, आणि तिच्याविषयीची निम्मी नाराजी हे नाते कोणी समजावून न सांगितल्यामुळे निर्माण होते.

तिच्यात एकात एक बसवलेले दोन शाफ्ट (फिरणारे दांडे) असतात, बाहेरचा पोकळ आणि आतला भरीव. एकावर 1, 3, 5, 7 हे गिअर आणि दुसऱ्यावर 2, 4, 6 व रिव्हर्स अशी वाटणी असून प्रत्येक शाफ्टला स्वतंत्र क्लच असतो. गाडी तिसऱ्या गिअरवर पळत असताना चौथा दुसऱ्या शाफ्टवर आधीच पडलेला असतो. एक क्लच सुटतो त्याच क्षणी दुसरा धरतो, आणि चाकांकडे जाणारी ताकद जवळजवळ तुटतच नाही. 1980 च्या दशकात पोर्शेने 956 व 962 या शर्यतीच्या गाड्यांवर ही रचना वापरून पाहिली आणि 2003 मध्ये फोक्सवॅगनने ती गोल्फ आर32 मधून सामान्य ग्राहकापर्यंत आणली.

वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात या रचनेचे मोल कळते. मॅन्युअल गाडीत प्रत्येक वळणाआधी ब्रेक, क्लच आणि दुसरा गिअर असा क्रम साधावा लागतो, आणि तो चुकला की ऐन चढावर इंजिन गुदमरते. डीसीटी मात्र वळणात शिरतानाच दुसरा गिअर टाकून तयार असते आणि वळणातून बाहेर पडताना कुठेही श्वास न सोडता गाडी उचलते. उतरताना स्टीअरिंगमागचे पॅडल ओढून गाडी दुसऱ्या गिअरवरच ठेवली की इंजिन ब्रेकिंग (इंजिननेच वेग आवरणे) मॅन्युअलइतकेच विश्वासाचे मिळते. हा आनंद बंधूंच्या गाडीत मला मिळालेला नाही, जरी ती गाडी तोच घाट अधिक शांतपणे चढते.

अर्थात तिचा अंदाज कधी चुकतो. सातव्या गिअरवर रमतगमत चाललेल्या गाडीकडून एकदम तिसरा मागितला, तर दोन्ही गिअर एकाच शाफ्टवर असल्यामुळे तिला मधला गिअर घेऊन यावे लागते, आणि ओव्हरटेक करताना तो क्षणभराचा विलंब नेमका जाणवतो. त्यामुळे ओव्हरटेक करण्याआधी मी स्वतःच पॅडलने गिअर खाली आणतो.

खरी अडचण कोंडीची आहे. जुने चालक ज्याला ‘हाफ क्लच’ म्हणतात, तेच काम डीसीटीचा संगणक हिंजवडीच्या रस्त्यावर तासभर करत राहतो: क्लच किंचित धरायचा, घसरू द्यायचा, पुन्हा सोडायचा. त्या घर्षणाची उष्णता ड्राय क्लचमध्ये केवळ हवेच्या भरवशावर असते. पहिल्याच पावसाळ्यात माझ्या गाडीने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्के देऊन अखेर गिअरबॉक्स तापल्याची सूचना दाखवली. वर्कशॉपच्या फोरमननी तेव्हा दिलेला सल्ला मी आजही पाळतो: पुढच्या गाडीमागे वीत-वीत सरकू नये, पुरेशी जागा होऊ द्यावी आणि मगच निघावे, थांबल्यावर ब्रेक पूर्ण दाबावा, म्हणजे क्लच सुटतो, आणि चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर कधीही तोलून धरू नये. त्यानंतर ती सूचना पुन्हा दिसली नाही. पण हा सल्ला गाडी ताब्यात देतानाच मिळायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल असते. एक पाते ते तेल दुसऱ्या पात्यावर फेकते, त्यामुळे सरकताना झिजण्यासारखी क्लच प्लेट मध्ये येत नाही आणि निघताना ताकद उलट वाढूनच मिळते. रोजचे दोन तास कोंडीत जाणाऱ्याने तोच गिअरबॉक्स घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. डीसीटीच घ्यायची असल्यास क्लच ड्राय आहे की तेलात बुडालेला वेट, हे विक्रेत्याला आवर्जून विचारावे. 2022 मध्ये आलेल्या टाटा अल्ट्रोझ डीसीएमध्ये (डीसीए हे टाटाने डीसीटीला दिलेले नाव) वेट क्लच आहे, आणि आपल्या उन्हाळ्यासाठी मला तीच रचना अधिक योग्य वाटते.

मॅन्युअलविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ती स्वस्त आहे, कोणत्याही तालुक्याच्या गावी तिची क्लच प्लेट बदलून मिळते, आणि ज्याचा प्रवास बहुतांशी मोकळ्या रस्त्यावरचा आहे त्याला ऑटोमॅटिकची उणीव भासत नाही. डीसीटीचा जोडक्लच मात्र बहुधा अधिकृत सेवाकेंद्रातच, विशेष अवजारांनिशी बदलावा लागतो.

टेस्ट ड्राइव्हला गेल्यावर विक्रेता बहुधा मोकळ्या रस्त्यावर नेतो, आणि तिथे डीसीटी सर्वांना जिंकते. त्याऐवजी आपल्याच सोसायटीच्या तळघराच्या उतारावर ती गाडी रिव्हर्समध्ये हळूहळू वर चढवून पाहावी. तिथे क्लचला सर्वांत जास्त घसरावे लागते. मी ही परीक्षा चार वर्षांपूर्वी घेतली असती, तर डीसीटीच घेतली असती, पण वेट क्लचची.