स्पार्टाची शिस्त की मुसाशीची साधना?

प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टा या नगरराज्यात मुलगा 7 वर्षांचा झाला की घर सोडून इतर मुलांच्या तुकडीत राहायला जायचा. मोठेपणीही जेवण सामूहिक पंगतीतच. दरमहा ठरलेला शिधा देता आला नाही, तर नागरिकत्वाचे हक्कच जायचे! चालढकल लपवायला जागाच नाही. व्यायाम असो वा अभ्यास, ज्यांचा उत्साह चार दिवसांत मावळतो त्यांनी हीच वाट धरावी: सोबती शोधावेत, त्यांना रोज हिशेब द्यावा. तिथली मारझोड आणि हेलॉटांची, म्हणजे स्पार्टासाठी शेतात राबणाऱ्या अंकित लोकांची, गुलामगिरी मात्र अजिबात नको.

जपानचा तलवारबाज मियामोतो मुसाशी याची वाट एकट्याची. तलवारीसारखाच त्याने कुंचल्यावरही हात बसवला. उतारवयात गुहेत राहून लिहिलं. मला हीच वाट जास्त भावते, पण अंगात सवय मुरल्याशिवाय ती पेलत नाही.