कोल्ड स्टार्ट स्प्रे: वीडरला ठीक, पंपाला नको

५ पैकी ३ स्टार. थंडीत अडून बसलेलं इंजिन सुरू करायचा हा स्प्रे पेट्रोलच्या वीडरला (तण काढायच्या यंत्राला) चालतो, पाण्याच्या डिझेल पंपाच्या जवळपासही नेऊ नका. सविस्तर खाली लिहितोय कारण ऑनलाइन सगळे रिव्ह्यू "मस्त प्रॉडक्ट, एका झटक्यात स्टार्ट" एवढंच सांगतात.

आम्ही राहतो ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, शेती जवळच्या डबरा गावाकडे. पुण्याच्या नातेवाईकांना इथल्या थंडीचं सांगितलं की त्यांना वाटतं आम्ही फेकतोय, पण जानेवारीत पहाटे पारा दोन-तीन डिग्रीवर येतो, कोहरा असा की बांधावर उभा असलेला माणूस दिसत नाही आणि गव्हाला पाणी द्यायची वेळ नेमकी तीच. लाइटचा भरवसा नाही म्हणून हँडल मारायचा डिझेल पंप अजून ठेवलाय, शिवाय भाजीच्या वाफ्यांसाठी पेट्रोलचा पॉवर वीडर, होंडाच्या जीएक्स १६० सारखं दोरी ओढायचं इंजिन. थंडी पडली की दोघांचेही नखरे सुरू.

स्प्रेत मुख्य माल म्हणजे ईथर. ते ३५ डिग्रीच्या आतच उकळतं, म्हणजे थंडगार इंजिनातही त्याची पटकन वाफ होते, आणि साधारण १६० डिग्रीला आपोआप पेटतं, डिझेलला त्यासाठी २०० च्या वर लागतात. वीडरला एअर फिल्टरच्या तोंडाशी जेमतेम एक सेकंद मारायचा, झाकण लावायचं, दोरी ओढायची, भर्र करून उठतो. इथपर्यंत पैसे वसूल. पण डब्याची लाल नळी एवढी ढिली की मोज्याच्या हाताने धरली की निसटून वाफ्यात पडते, आणि रात्रभर शेडमध्ये राहिला तर थंडीने डब्यातलं प्रेशर बसतं, निघतं ते फुसकं. मग शालीत धरून बसा थोडा वेळ. शेकोटीजवळ चुकूनही ठेवू नका, ईथर आहे ते.

आता पंप. आमच्याकडे जुनी पद्धत म्हणजे एअर फिल्टरच्या तोंडाशी चिंधी पेटवून धरायची, गरम हवा आत गेली की इंजिन उचलतं. शेतावरच्या माणसाने एका हातात ती चिंधी आणि दुसऱ्या हातात हा स्प्रे घेतला तेव्हा काका असे ओरडले की पलीकडच्या शेतातले लोक धावत आले. आग तर आहेच, पण नुसता स्प्रे मारला तरी ईथर वेळेआधी पेटतं, पिस्टन वर येत असतानाच दणका बसतो, रिंगा जातात, कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. ग्लो प्लगवाल्या इंजिनात तर अजिबात नको, आत तापलेली तारच असते. टू-स्ट्रोक ब्रश कटरला पण नको, तिथे पेट्रोलमधलं ऑइल हेच वंगण आणि ईथर कोरडं. डब्यावर हे सगळं आहे, पण मुंगीच्या अक्षरात आणि फक्त इंग्रजीत. शेतावर वाचणार कोण? एक स्टार तिथेच कापला.

पंपासाठी फुकटातला उपाय असा की डिकॉम्प्रेशनची (सिलिंडरमधला दाब सोडायची) लिव्हर उचलून हँडल आधी नुसतं फिरवत राहायचं, ऑइल सुटं होतं, मग स्पीड घेऊन लिव्हर पाडायची. अंगठा मात्र बोटांच्या बाजूलाच ठेवा, हँडलला विळखा घालू नका, उलटा झटका आला तर मनगट गेलं. आणि उन्हाळ्यात भरून ठेवलेला ड्रम असेल तर आधी डिझेल बघा. भारतीय मानकात पोअर पॉइंट (ज्याच्या खाली डिझेल वाहत नाही ते तापमान) हिवाळ्याच्या डिझेलला जास्तीत जास्त ३ डिग्री, उन्हाळ्याच्याला १५ पर्यंत चालतो, म्हणजे मे महिन्यातला माल पूसात गढूळ होऊन फिल्टर चोक करणार, त्यात स्प्रे काय करणार? लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये वेगळं डिझेल काढलं, उणे ३३ पर्यंत पातळ राहणारं, उगाच नाही. खऱ्या बर्फाच्या देशात तर इंजिनालाच हीटर लावून रात्रभर प्लगमध्ये ठेवतात, अमेरिकेत नॉर्थ डकोटाच्या अँड्र्यू फ्रीमनने १९४९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. आपल्याला एवढं नको, पण मुद्दा तोच, आधी इंजिन आणि ऑइल सांभाळा.

वीडरचंही खरं काम ऑइलनेच झालं. दुकानदाराने सगळ्यांना देतात तसं २०डब्ल्यू-४० दिलं होतं, थंडीत ते काकवीसारखं, दोरी ओढताना खांदा निघायचा. थंडीत पातळ राहणारं १०डब्ल्यू-३० भरलं (जेमतेम ०.६ लिटर लागतं) आणि दोरी एकदम हलकी. स्पार्क प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर करून घेतला. आणि पेट्रोल! आता पेट्रोल पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलवालं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि थंडीत साध्या पेट्रोलपेक्षा नाखुशीने वाफ होतं, त्यात महिनोन्महिने कार्बोरेटरमध्ये पडून राहिलं की जेट (पेट्रोल यायचं बारीक छिद्र) बुजतो. काम झालं की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, कार्बोरेटरचा बाउल रिकामा होतो. हे सगळं केल्यावर चोक ओढून वीडर बहुतेक दिवशी स्प्रेशिवाय उठतो, डबा शेडच्या फळीवर नुसता पडून असतो. चोक ओढून दोरी मारत मात्र बसू नका, प्लग ओला होतो, तो काढून पुसायचा आणि मग परत.

घ्यायचाच असेल तर लहान डबा घ्या, मोठा संपत नाही. पॅकिंग ठीक होतं, डिलिव्हरी डबऱ्यापर्यंत देत नाहीत, लश्करचा पत्ता टाकावा लागला.