होस्ट्स फाईल बदलावी की राउटरचा डीएनएस?

डोमेन, म्हणजे साईटचं नाव, दुसऱ्या पत्त्यावर वळवायचं असेल तर आधी मशिनं मोजा. एकच मशिन आणि काम तात्पुरतं, तर होस्ट्स फाईलला, म्हणजे कोणतं नाव कोणत्या पत्त्यावर न्यायचं ते सांगणाऱ्या कॉम्प्युटरमधल्या फाईलला, तोड नाही.

समजा, दादरच्या एखाद्या साडीच्या दुकानाची वेबसाईट नव्या सर्व्हरवर न्यायची आहे. होस्ट्स फाईलमध्ये नव्या सर्व्हरचा आयपी (आकड्यांतला पत्ता), स्पेस, मग डोमेनचं नाव, एवढी एक ओळ लिहिली की तुमच्या कॉम्प्युटरवर नवी साईट उघडते आणि गिऱ्हाइकांना जुनीच दिसत राहते. ऑर्डरचा फॉर्म, पेमेंटचं पान, सगळं निवांत तपासा. नव्या सर्व्हरवर साईटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट बसवलं नसेल तर ब्राउझर इशारा देईल, तेही आत्ताच कळलेलं बरं. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावलेलं नाव वेगळं लिहावं लागतं. सगळी सबडोमेन, म्हणजे डोमेनच्या आधी काही जोडून केलेली नावं, एका फटक्यात पकडायची सोय इथे नाही. विंडोजवर नोटपॅड 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करूनच उघडा. फाईलच्या नावामागे .टीएक्सटी चिकटलं तर विंडोज ती वाचतच नाही, आणि माणूस तासभर डोकं खाजवत बसतो. काम झालं की ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) टाका, म्हणजे ती ओळ लागू राहत नाही. ते राहिलं आणि पुढे सर्व्हरचा आयपी बदलला, तर साईट जगाला दिसेल, फक्त तुम्हाला नाही.

मुलांसाठी नको त्या साईट बंद करायच्या असतील तर मात्र होस्ट्स फाईलच्या नादी लागूच नका. पार्ल्यातल्या वन-बीएचकेतही लॅपटॉप, तीन-चार मोबाईल आणि टीव्ही असतो, आणि साध्या मोबाईलवर ही फाईल बदलताच येत नाही. त्यापेक्षा राउटरमध्ये क्लाउडफ्लेअर या कंपनीचा १.१.१.३ हा डीएनएस, म्हणजे साईटच्या नावावरून आयपी शोधून देणारी सेवा, टाका. तो व्हायरस पसरवणाऱ्या आणि अश्लील साईट अडवतो. केबलवाल्याने बसवलेल्या राउटरचा पासवर्ड बरेचदा त्याच्याकडेच असतो, तो आधी मागून घ्या. मुलाने वायफाय बंद करून मोबाईल डेटा चालू केला की हा पहारा संपला, हेही धरून चला. तिथे बोलण्याला पर्याय नाही.

अडवायच्या साईटची स्वतःची यादी हवी असेल तर रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर पाय-होल हे साईट अडवणारं सॉफ्टवेअर चालवता येतं. हौस असेल तरच करा, कारण ते बंद पडलं की घरभर इंटरनेट अडतं.

एका साईटचं नाव टाकून भलतीच साईट उघडायची असेल, तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. इथे फक्त आयपी बदलतो; ब्राउझर सर्टिफिकेट मूळ नावाचंच मागतो. त्यासाठी सर्व्हरवरच रीडायरेक्ट, म्हणजे दुसऱ्या साईटवर पाठवणारा नियम, लावावा लागतो.