भिंतीतल्या नळ्यांवरचा गिलावा: काही महिन्यांच्या वापरानंतर

घराच्या नूतनीकरणात न्हाणीघर आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्या नळ्या आम्ही भिंतीत घेतल्या. त्यानंतर उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आता थंडीत गरम पाणी रोज चालू असतं. गिलावा कुठे टिकला आणि कुठे फुटला, हे आता खात्रीने सांगता येतं.

न्हाणीघराची भिंत ठणठणीत आहे. कुठेही ठोकून बघा, भरीव आवाज येतो. तिथे गरम नळीला फोमचं वेष्टण घातलं होतं आणि झिरीवर, म्हणजे नळीसाठी भिंतीत खोदलेल्या खाचेवर, चिकन मेश (बारीक तारेची जाळी) ठोकली होती. वेष्टणाबद्दल मी फार आग्रही आहे. सीपीव्हीसीची (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकची) 3 मीटर नळी 40 अंशांनी तापली तर साधारण 8 मिलिमीटर लांब होते. चारी बाजूंनी सिमेंट-वाळूचा माल घट्ट बसला असेल तर हा ताण गिलाव्यावर येतो, आणि तोही दिवसातून कित्येकदा. फोममुळे नळीला हलायला जागा मिळते.

स्वयंपाकघराचं काम दुसऱ्या गवंड्याकडे होतं. त्याने जाळी लावली नाही, वेष्टणही नाही, आणि खोल झिरी एकाच दमात भरून वर लगेच रंधा फिरवला. थोड्याच आठवड्यांत झिरीच्या दोन्ही कडांनी बारीक तडे उमटले. नवा माल सुकताना आक्रसतो, जुना गिलावा जागचा हलत नाही. जाड थर तर जास्तच आक्रसतो. शिवाय झिरीतली धूळ झाडून ती ओली केली नसेल, तर कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि पकड कच्ची राहते. झिरी दोन थरांत भरावी, पहिला थर घट्ट झाल्यावर दुसरा द्यावा आणि किमान सात दिवस पाणी मारावं. गवंडी घाईत असतो, त्यामुळे हे आपल्यालाच बघावं लागतं.

नंतर ते तडे खरवडून, फायबरची जाळीपट्टी लावून पुट्टी भरली. थंड पाण्याच्या नळीवर ती दुरुस्ती टिकली. गरम नळीवर मात्र तडा पुन्हा दिसू लागलाय, आणि आतली झिरी उघडल्याशिवाय तो कायमचा जाईल असं मला वाटत नाही.

गिलाव्याआधी प्रेशर टेस्ट मात्र दोन्हीकडे झाली होती. नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन रात्रभर गेज लावून ठेवला. सकाळी काटा उतरलेला होता. एक एल्बो (नळी वळवणारा जोड) झिरपत होता. तो तिथेच बदलला. गिलावा चालू असतानाही नळ्या पाण्याने भरून दाबाखाली ठेवाव्यात. छिन्नी किंवा खिळा लागला तर तेव्हाच कळतं.

झिरी बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढले होते. परवा आरशासाठी ड्रिल मारताना तेच उघडले, तर ठरवलेल्या जागेच्या अगदी शेजारून गरम नळी गेलेली. भोक चार बोटं डावीकडे घेतलं.