बोक्याच्या पोटातले पाणी आणि कोथरूडचा दवाखाना

आमच्या दहा महिन्यांच्या बोक्याचे पोट आठवडाभरात मडक्यासारखे फुगले आणि ताप उतरेना, म्हणून त्याला कोथरूडमधील प्राण्यांच्या एका लहानशा दवाखान्यात नेले. तेथील तीन महिन्यांच्या उपचारांविषयी हा अभिप्राय.

पोटातून काढलेले पाणी पिवळसर आणि चिकट होते. डॉक्टरांनी काचेच्या नळीत डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्यात ॲसिटिक आम्ल मिसळले आणि वरून पोटातल्या पाण्याचा थेंब सोडला. तो न विरघळता आकार टिकवून हळूहळू खाली उतरला. ही रिव्हाल्टा चाचणी; थेंब असा टिकला, तर एफआयपी या आजाराचा संशय बळावतो. एवढ्यावर निदान पक्के होत नाही असे सांगून त्यांनी नमुने प्रयोगशाळेत पाठवले. निदान झाले एफआयपीचे, म्हणजे मांजरांच्या करोनाविषाणूपासून होणाऱ्या जीवघेण्या आजाराचे.

'करोना' ऐकताच सासूबाई दोन पावले मागे सरकल्या. त्यावर डॉक्टरांनी अर्धा तास जे समजावले, त्यासाठीच मी या दवाखान्याला पाचपैकी चार गुण देते. हा विषाणू माणसाला होत नाही. बहुतेक मांजरांच्या आतड्यात तो फार तर जुलाब घडवतो, पण मोजक्या मांजरांच्या शरीरात तो बदलतो, मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींमध्ये वाढू लागतो आणि मग रोगप्रतिकारशक्तीच्याच अतिरेकाने रक्तवाहिन्यांना सूज येते. कोविडमध्ये काही रुग्ण दुसऱ्या आठवड्यात एकाएकी का खालावत, हे मला त्या दिवशी बोक्यामुळे उमगले. १९९० च्या सुमारास या विषाणूच्या पृष्ठभागावरील स्पाइक प्रथिनावर आधारलेली एक प्रायोगिक लस दिलेली पिल्ले लस न दिलेल्या पिल्लांपेक्षा लवकर दगावली होती. कोविडच्या लशी तपासताना लशीमुळेच आजार बळावण्याच्या या धोक्यावर बारीक लक्ष ठेवले गेले, त्यामागे हा जुना धडाही होता.

औषध जीएस-४४१५२४, म्हणजे कोविडमध्ये वापरलेल्या रेमडेसिव्हिरचे मूळ रूप. कॅलिफोर्नियातील नील्स पेडरसन यांच्या गटाने ३१ मांजरांवरील त्याचे निष्कर्ष २०१९ मध्येच, म्हणजे माणसांची साथ पसरण्याआधी, प्रसिद्ध केले होते.

तक्रारी दोन. कुत्री आणि मांजरे एकाच बाकाजवळ ताटकळतात, त्यामुळे बोका पिंजऱ्यातच भेदरून लघवी करत असे. दुसरी अधिक गंभीर: औषधाची मात्रा वजनावर ठरते, तरी पाचव्या आठवड्यात वजन वाढूनही मदतनीसाने जुनीच मात्रा लिहून दिली, आणि मी विचारल्यावरच ती बदलली. प्रत्येक भेटीत वजन स्वतः वहीत टिपून न्यावे.

८४ व्या दिवशी औषध थांबले. पुढील तपासण्या अजून चालू आहेत. पोट मात्र सपाट आहे आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्याचा पूर्ववत ताबा आहे.